तीस तासांची किल्ली

ज्याला जुनी घड्याळे जमवण्याचा नाद आहे, त्याला किती वाजले हे कधीही विचारू नये. एक तर त्याला ते ठाऊक नसते आणि दुसरे म्हणजे, तेवढे सोडून बाकी सगळे तो सांगतो. आमच्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी निघता निघता सहज, "वाजले किती हो?" असे विचारले आणि त्यांची न्यूयॉर्कची गाडी चुकली. यात माझा काय दोष? त्यांच्या मनगटावर स्वतःचे घड्याळ होते. ते सोडून त्यांनी माझ्या भिंतीकडे पाहिले.

भिंतीवर, म्हणजे भिंतीला ठोकलेल्या फळ्यांवर, अकरा घड्याळे होती. अकराही अमेरिकन, अकराही १८१६ ते १८४० च्या दरम्यान कनेक्टिकट राज्यात जन्मलेली आणि अकराही लाकडी. 'लाकडी' म्हटल्यावर लोक समजूतदारपणे मान डोलावतात. लाकडी पेटी कुणाच्या घड्याळाला नसते? मग मला सांगावे लागते, की पेटी नव्हे, आतले यंत्रच लाकडी. चाके चेरीच्या लाकडाची, चाकांचे दातेही त्याच लाकडात कापलेले, यंत्राच्या पुढच्या-मागच्या पट्ट्या ओकच्या. टिकटिक करणारे एक छोटे चाक तेवढे पितळेचे, आणि थोडीफार लोखंडी तार. बाकी सगळे सुतारखाते. हे ऐकून लोक माझ्याकडे असे बघतात, जसे मेणाची कढई विकायला आलेल्या माणसाकडे बघावे.

मी नोकरीसाठी या राज्यात आलो १९७४ साली. वर्षभराने सौ. आली. घड्याळांचा आणि माझा संबंध तोवर कारखान्यात उशिरा पोचू नये एवढाच होता. आम्ही राहायचो त्याच्या जवळच ब्रिस्टल नावाचे गाव आहे आणि तिथे घड्याळांचे एक संग्रहालय आहे. एका पावसाळी रविवारी, दुसरे काही सुचेना म्हणून, आम्ही तिथे गेलो. सौ. तासाभराने बाहेर पडली. मी त्या अर्थाने अजून पडलेलो नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा मला ईलाय टेरी भेटला. म्हणजे त्याचे काम भेटले. तो स्वतः १८५२ सालीच वारला होता. टेरीच्या तरुणपणी घड्याळ ही गावातल्या बड्या असामीच्या घरी असणारी वस्तू. पितळ महाग, बरेचसे इंग्लंडहून यायचे. कारागीर एकेक चाक हाताने कापणार, वर्षाकाठी मोजकी घड्याळे करणार. शेतकऱ्याची वेळ कोंबडा सांगायचा आणि कोंबडा वेळेच्या बाबतीत किती मोघम असतो हे सर्वांना माहीत आहे. लाकडी यंत्रे टेरीच्या आधीही होत होती. पण टेरीने ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरवून यंत्राने लाकडी चाके कापायला घेतली आणि एकदम दोनशे घड्याळे मांडली. गावकरी हसले. हा दोनशे पुरी करेपर्यंत जगणार नाही, आणि जगलाच तर घेणार कोण, असा त्यांचा हिशेब. पुढे १८०६-०७ च्या सुमाराला वॉटरबरीच्या पोर्टर नावाच्या भागीदारांनी त्याच्याशी करार केला : तीन वर्षांत चार हजार यंत्रे, यंत्रामागे चार डॉलर. यावर गावकऱ्यांनी हसणेही सोडले असावे. वेड्याला फार हसू नये असे कुठल्याही गावात मानतात.

टेरीने पहिले वर्ष एकही घड्याळ केले नाही. नुसती यंत्रे जुळवत बसला. उरलेल्या दोन वर्षांत चार हजारांचा शब्द पुरा केला. कुठलेही चाक कुठल्याही यंत्रात बसेल, इतकी सगळी सारखी. मोटारी, शिलाई यंत्रे, सायकली असल्या हजारांनी निघणाऱ्या वस्तूंच्या घराण्याचा जो मूळपुरुष शोधतात, त्याच्या आसपास कुठे तरी ही लाकडाची चक्रे गरगरत असतात. एवढे करून टेरीने १८१० साली कारखाना विकला. घेणारे दोघे त्याच्याच हाताखालचे. त्यातला एक सुतारकाम शिकलेला सेथ टॉमस. हे नाव पुढे घड्याळांवर इतके गाजले, की एका गावालाच टॉमस्टन म्हणू लागले.

ती चार हजार यंत्रे उंच घड्याळांची होती आणि त्यांना पेटी नसे. विकत घेणाऱ्याने गावच्या सुताराकडून पेटी करवून घ्यायची, नाही तर ते तसेच उघडे भिंतीला टांगायचे. खाली लंबक आणि वजने लोंबताहेत, वर तबकडी, आणि अंगावर काही नाही. नंतर टेरीने डोके चालवले. माणसाच्या उंचीचे घड्याळ अडीच फुटांच्या पेटीत बसवले. वजने उतरायला पेटीच्या दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत वाट ठेवली. १८१६ साली त्याचे पेटंट घेतले. दोन्ही बाजूंना सडपातळ खांब, माथ्यावर वळणदार नक्षी, खाली काचेवर रंगवलेले घर किंवा बाग. किंमत पंधरा डॉलरांच्या आसपास. शेतकऱ्याच्या चुलीवरच्या फळीवर, आरसा आणि बायबल यांच्या शेजारी, पहिल्यांदा वेळ येऊन बसली.

येऊन बसली म्हणजे आणून बसवली. ही घड्याळे विकायला गाड्या घेऊन फेरीवाले हिंडत. त्यांची ख्याती फार चांगली नव्हती. नोव्हा स्कोशियातल्या हॅलिबर्टन नावाच्या न्यायाधीशाने १८३६ साली 'द क्लॉकमेकर' नावाचे विनोदी पुस्तक काढले. त्याचा नायक सॅम स्लिक हा कनेक्टिकटचा घड्याळविक्या. त्याची युक्ती साधी. घरात जायचे, बाईंची स्तुती करायची, आणि "हे एकच उरलंय, तेही दुसऱ्याला कबूल केलंय. परत येईपर्यंत तुमच्याकडे ठेवू का?" असे म्हणून घड्याळ चालू करून निघून जायचे. तो परत येईपर्यंत घरातली माणसे टोल्यांना सोकावलेली असतात. एकदा आलेले घड्याळ परत द्यायला कुणी तयार नसते.

हे मी सौ.ला मोठ्या कौतुकाने वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "आपलं पहिलं घड्याळ कसं आलं?"

आमचे पहिले घड्याळ असे आले : जुन्या वस्तूंच्या एका दुकानातल्या म्हाताऱ्याने, "घरी न्या, आठ दिवस ठेवा, नको वाटलं तर परत आणा," असे म्हणून ते माझ्या गाडीत ठेवले. म्हातारा कनेक्टिकटचाच होता.

आता लाकडी घड्याळाबरोबर नांदणे कसे असते ते सांगतो. इथे जुलैत हवा दमट होते, लाकूड फुगते आणि चाके कुरकुरतात. जानेवारीत घर तापवले की हवा कोरडी पडते, लाकूड आकसते आणि पट्टीला चीर जाते. माझे गुडघेही याच वेळापत्रकाने चालत असल्यामुळे आमचे जमते. दाता तुटला तर नवे चाक घालायचे नसते. तुटलेल्या जागी खाच करून चेरीचाच तुकडा, त्याचे रेषे दात्याच्या लांबीने येतील असा, बसवायचा आणि मग कानशीने घासून दाता करायचा. चिकटवायला जुन्या सुतारांचा सरस. आजकालची घट्ट चिकटणारी द्रव्ये नकोत. सरस पाण्याने आणि उबेने सुटतो. म्हणजे आणखी शंभर वर्षांनी कुणाला माझे काम पसंत पडले नाही, तर त्याला ते काढून टाकता येते. माझ्या दंतवैद्याला मी हे तत्त्व समजावून सांगितले. त्याने बिल कमी केले नाही.

लाकडाच्या दात्यांना तेल घालायचे नसते. हे सांगलीहून आलेल्या आमच्या थोरल्या बंधूंना पटेना. "अरे, यंत्र आहे ना? मग शिलाई मशीनचं तेल सोड की दोन थेंब!" ते महिनाभर होते, आणि तो महिनाभर मी घरातली तेलाची बाटली कपाटात कुलपात ठेवली होती.

आणि टोले! या घड्याळांत टोल्यांचा हिशेब एका खाचांच्या चाकाकडे असतो. ते एकानंतर दोन, दोनानंतर तीन असे मोजत जाते. काटे कुठे आहेत हे त्याला दिसत नाही आणि त्याची त्याला फिकीरही नसते. कुणी काटे वेडेवाकडे फिरवले, की काटे तीन दाखवतात आणि घंटा सात वाजवते. दोघेही आपापल्या ठिकाणी प्रामाणिक असतात. अकरा घड्याळांनी एका क्षणी बारा वाजवावेत ही माझी अनेक वर्षांची आकांक्षा. प्रत्यक्षात एकाचे सुरू होत, दुसऱ्याचे मध्यावर असत, तिसरे संपवून मोकळे झालेले असे. एकशे बत्तीस टोल्यांचा तो गलका ऐकून शेजारच्या बाईंनी एकदा काळजीने फोन केला होता.

हे लाकडी राज्य टिकले मात्र थोडे. १८३७ साली अमेरिकेत मंदीची लाट आली आणि घड्याळांचे कारखाने पटापट बसले. त्यातून वर आला चॉन्सी जेरोम. हा पूर्वी टेरीकडेच कामाला होता. त्याने पत्र्यातून कापलेल्या पितळी चाकांचे स्वस्त घड्याळ काढले. पितळ समुद्रावर फुगत नाही. लाकडी घड्याळाला बोटीची दमट हवा सोसत नसे, पितळी खुशाल कुठेही जाई. जेरोमने १८४२ मध्ये पहिली खेप इंग्लंडला धाडली. किंमत इतकी कमी लिहिलेली, की तिथल्या जकातवाल्यांना वाटले, हा लबाडी करतोय. कायद्याप्रमाणे त्यांनी लिहिलेली किंमत आणि वर दहा टक्के देऊन सगळा माल सरकारजमा केला. जेरोम खूश. रोख पैसे, आणि विकण्याची दगदग नाही! त्याने लगेच दुसरी खेप पाठवली. तीही त्यांनी घेतली. मग त्यांच्या ध्यानात आले. एवढा हुशार माणूस, पण पुढे सर्कशीसाठी प्रसिद्ध झालेल्या बार्नमच्या कंपनीशी त्याच्या कंपनीची सांगड पडली, दिवाळे निघाले आणि १८६८ साली तो गरिबीत मेला.

पितळी घड्याळे समुद्र ओलांडू शकली म्हणूनच त्यांतले एक आमच्या आजोळी, कोकणात, ओटीवरच्या भिंतीला होते. तबकडीवर 'अन्सोनिया' असे लिहिलेले. आजीला इंग्रजी येत नव्हते, आणि मामांनी एकदा वाचून दाखवलेले नाव तिने सोयीस्कर करून घेतले होते. "अनसूयेचे चार झाले रे, चहा टाका," असे ती म्हणे. १९७४ मध्ये इथे आल्यावर हमरस्त्याच्या पाटीवर 'अन्सोनिया' हे गावाचे नाव वाचले, तेव्हा मला परक्या मुलखात एकदम मावशीचे घर लागल्यासारखे झाले. आजोळच्या घड्याळाचा कारखाना मुळात त्या गावचा. अनसूयाबाईंना आठ दिवसांतून एकदा किल्ली द्यावी लागे. ते काम रविवारी मामांचे.

आणि इथेच खरा फरक आहे. आठ दिवसांचे घड्याळ म्हणजे पाहुण्यासारखे. आठवड्यातून एकदा विचारपूस केली की भागते. माझी लाकडी घड्याळे तीस तासांची. वजने खाली पोचायला तीस तास लागतात, की संपले. म्हणजे रोज किल्ली. दिवसाचे तास चोवीस, वरचे सहा तुमच्या गैरसोयीसाठी. आज संध्याकाळी आठला किल्ली दिलीत, तर उद्या आठला द्यायची. उद्या पाहुणे आले, लग्नाला गेलात, डुलकी लागली, तर रात्री दोनपर्यंत ते वाट बघते. त्यापुढे नाही. मला या सहा तासांचे फार कौतुक वाटते. टेरीला माणसे माहीत होती. चोवीसच तासांचे घड्याळ केले असते तर रोज बंद पडले असते, आणि आठवड्याचे केले असते तर लोक ते विसरले असते.

याचा परिणाम असा, की आमच्या घरी गेली कित्येक वर्षे कुणी तरी संध्याकाळी असतेच. भारतात जायचे झाले, की मी आदल्या रात्री किल्ली देत नसे. दुसऱ्या दिवशी विमानात बसलो, की मनातल्या मनात एकेक थांबत असे. "आता ते कोरीव खांबांचं थांबलं असेल," असे मी एकदा सौ.ला म्हटले. ती म्हणाली, "त्यांना कळेल हो. तुम्ही जेवून घ्या."

किल्ली देण्याचे काम माझ्याशिवाय कुणाला जमणार नाही, हे मी घरात चांगले रुजवले होते. दोर गुंतला तर? उलट फिरवली तर? सौ.नेही कधी वाद घातला नाही. तिचे म्हणणे एवढेच, की पाहुण्यांच्या खोलीत तीन घड्याळे असू नयेत, कारण त्या खोलीत झोपलेले पाहुणे पुन्हा येत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी माझ्या छातीची शस्त्रक्रिया झाली. नऊ दिवस इस्पितळात होतो. तिथे भिंतीवर एक पांढरे, आवाज न करणारे घड्याळ होते. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला मला जाग आली. सहा तास संपले, एवढेच डोक्यात आले. मग पडल्या पडल्या मी घरची भिंत मनात उभी केली आणि डावीकडून उजवीकडे ओळीने सगळ्यांना थांबवले. सौ. रोज यायची, डबा आणायची, मुलीचे फोन सांगायची. घड्याळांचा विषय तिने काढला नाही. मीही नाही. आजारी माणसाने काय काय विचारायचे?

दहाव्या दिवशी घरी आलो. दार उघडले आणि आत टिकटिक. एकाची नव्हे, अकरांची.

मी सौ.कडे पाहिले. ती पिशव्या आत नेत होती. म्हणाली, "असे बघताय काय? डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलायचं नाही सांगितलंय. ही बंद पडलेली दिसली असती तर तुम्ही आल्या आल्या किल्ली शोधली असती. अकरांची बावीस वजनं."

"पण तुला येतं कुठे?"

"त्यात काय यायचंय? आत कागद चिकटवलाय की."

कागद आहे खरा. या घड्याळांच्या पेटीत, मागच्या फळीवर, कर्त्याचे नाव आणि वापरायच्या सूचना छापलेला कागद असतो. मी तो छापखाना, अक्षरे, झीज या दृष्टीने भिंगातून पाहिला होता. सूचना म्हणून पाळण्यासाठी तो सौ.ने वाचला. टोले पडायची वेळ जवळ आली असताना काटा मागे फिरवू नये, हे त्यात स्पष्ट आहे. नीट वापरल्यास घड्याळाची हमी, असेही त्यात आहे. ते वाचून ती म्हणाली, "अशी हमी कोणीही देईल."

ते सहा आठवडे मी खुर्चीत बसून होतो आणि ती रोज आठ वाजता किल्ली देत फिरायची. एक बदल तिने न विचारता केला. सगळी एकदम वाजावीत हा माझा हट्ट तिने मोडीत काढला आणि एकेकात थोडे अंतर ठेवले. एक संपले की दुसरे. "सगळे एकदम बोलले की कुणाचंच ऐकू येत नाही," असे तिचे म्हणणे. त्या रात्री मला पहिल्यांदा कळले, की खिडकीजवळच्या घड्याळाची घंटा थोडी चिरकी आहे. बारा वर्षे होते ते माझ्याकडे.

गेल्या वर्षी आम्ही घर विकले. मुलीच्या गावात दोन खोल्यांची जागा घेतली. मुलगी म्हणाली, "बाबा, वेळ फोनवर असते." जावई भला माणूस, तो काहीच म्हणाला नाही. नव्या जागेत फळी एक आणि घड्याळे अकरा. लिलाववाल्याने येऊन भाव सांगितला. खांब आणि नक्षीच्या जुन्या घड्याळाला अजून बऱ्यापैकी किंमत येईल, म्हणाला. बाकीच्यांना एकेकी दोन माणसांच्या चांगल्या जेवणाची. तरुण मंडळी घेत नाहीत हल्ली. मी त्याला चहा दिला आणि रवाना केला. मग ओळखीपाळखीतून घेणारे शोधले.

ती आठवडाभराची बघण्याची कार्ये वर्णन करण्यासारखी होती. सौ. प्रत्येकाला कांदेपोहे द्यायची आणि मी वधूपित्यासारखा समोर बसून विचारायचो, "संध्याकाळी साधारण किती वाजता घरी येता? घर फार तापवत नाही ना? तेल घालायची सवय?" एका तरुण शाळामास्तराने पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले आणि दोन घड्याळे नेली. कुणी काट्यांच्या दिशेविषयी विचारले, की सौ.च उत्तर द्यायची. आठ गेली. आठवीच्या वेळी मी दारापर्यंत गेलो नाही. आत काम होते.

राहिली तीन. त्यांतले चिरक्या घंटेचे सौ.ने निवडले. त्याच्या काचेचा रंग उडालेला आहे, एक पाय नवा आहे, बाजारात त्याला कुणी विचारणार नाही. मी कारण विचारले. "ते वाजलं की कोण वाजलं ते कळतं," म्हणाली.

आता रोज आठ वाजता आम्ही दोघे फळीसमोर उभे राहतो. या घड्याळांच्या तबकडीला किल्लीची दोन भोके असतात. एक चालण्याचे, एक टोल्यांचे. डॉक्टरांना अजून माझ्या हातांचा पूर्ण भरवसा वाटत नाही, म्हणून आम्ही काम वाटून घेतले आहे. मुकाट्याने चालत राहण्याची बाजू माझ्याकडे आणि टोल्यांची सौ.कडे. वाटणी नवी म्हणता येणार नाही. १९७५ पासून तशीच आहे.